झोपवायचं बटण

"दाब," वकीलसाहेब म्हणाले.

मी रिमोटचं बटण दाबलं. वाचनालयाच्या सभागृहातल्या पडद्यावर मघापासून डोलत असलेलं सूर्यफुलांचं शेत नाहीसं झालं आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला. स्टेजवर कुणी नव्हतं, वायरीला कुणी हात लावला नव्हता, आणि मी पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यात सभ्य माणसासारखा बसलो होतो. वकीलसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यातला पहिलाच खटला जिंकल्यासारखे हसले. गावातले काही लोक म्हणायचे की तो खरंच पहिला होता.

"मेला का?" त्यांनी विचारलं.

"झोपलाय. बंद केला तर सुरू व्हायला पाच मिनिटं खातो. झोपवला तर हेच बटण परत दाबायचं, लगेच उठतो."

"उठवायचा कशाला? आपल्याला वक्ता खाली बसवायचाय."

ही दोन हजार नऊच्या मे महिन्यातली गोष्ट. ॲडव्होकेट मुरलीधर खानविलकर आमच्या गावच्या ग्रीष्म व्याख्यानमालेचे अध्यक्ष होते. एकोणीस वर्षं होते, कारण ते पद दुसरं कुणी मागत नव्हतं आणि मागितलं असतं तरी त्यांनी दिलं नसतं. मे महिन्यात पाच दिवस, संध्याकाळी साडेसहाला, पुण्या-सांगलीकडचा एकेक विद्वान यायचा आणि आम्हाला शहाणं करून शेवटच्या एसटीने परत जायचा. श्रोते सत्तर-ऐंशी. त्यातले निम्मे ज्ञानासाठी यायचे आणि निम्मे पंख्यासाठी, पण मोजताना आम्ही भेदभाव करत नव्हतो.

अडचण एकच होती. वक्ते थांबत नसत. घंटा वाजवून पाहिली, तर एकाने "वा, देवळात आरती सुरू झाली वाटतं" म्हणून तिचंही कौतुक केलं. चिठ्ठी पाठवून पाहिली, तर दुसऱ्याने ती माइकवर वाचून दाखवली आणि पुढे चालू ठेवलं. आदल्या वर्षी एक गृहस्थ वेळेचं व्यवस्थापन या विषयावर दोन तास दहा मिनिटं बोलले. दोघे श्रोते घरी जाऊन जेवून परत आले, तेव्हा गृहस्थ प्रस्तावना संपवत होते.

त्यात कॉम्प्युटर आला. वक्ते चित्रं घेऊन यायला लागले आणि "आता शेवटची दोनच" म्हणून बावीस दाखवायला लागले. पण याच वक्त्यांची एक दुखरी नस वकीलसाहेबांनी हेरली. पडद्यावरचं चित्र गेलं की या मंडळींना पुढचं वाक्य सुचत नाही. दुखणं त्यांनी शोधलं, औषध मी.

माझं बाजारपेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्या काळात घराघरांतले रिमोट एक तर मुलं आपटायची नाहीतर उंदीर कुरतडायचे, आणि मी लोकांना सगळ्या कंपन्यांच्या टीव्हींना चालणारा युनिव्हर्सल रिमोट विकायचो. कुठेतरी वाचलं, की कॉम्प्युटरला एक बोटभर रिसीव्हर लावला तर हाच रिमोट त्यालाही चालवता येतो. चार दुपारी खर्ची घातल्या. एका बटणाने चित्र पुढे जायचं, लाल बटणाने कॉम्प्युटर झोपायचा. रिसीव्हर मी स्टेजवरच्या टेबलाच्या पायाला चिकटवला आणि टेबलावरच्या चादरीला त्याच्यापुरतं भोक पाडलं. चादर समितीची होती, त्यामुळे हात थरथरला नाही.

खूण ठरली. वेळ झाली की वकीलसाहेब चष्मा काढून पुसणार. मी दाबणार. पडदा काळा. मग वकीलसाहेब उठणार, "यंत्रापुढे कुणाचं चालतं?" म्हणणार आणि आभार प्रदर्शनाला पुकारा करणार. घड्याळ बघायचं काम त्यांचं, बोट दाबायचं काम माझं. इतकी चोख विभागणी आमच्या नगरपालिकेतसुद्धा नव्हती.

पहिले तीन दिवस आम्ही शिकार केल्यासारखी व्याख्यानं पाडली. पहिल्या दिवशीचे इतिहासतज्ज्ञ पानिपतापर्यंतही पोहोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी आहारावर बोलणाऱ्या बाईंचा पडदा मोड आलेल्या मटकीवर गेला. तिसऱ्या दिवशी ध्यानधारणेवाले गुरुजी होते. ते डोळे मिटून बोलत असल्यामुळे पडदा गेल्याचं त्यांना दहा मिनिटं कळलंच नाही, तो एक अपवाद. गावात कुणकुण लागली असावी, पण सगळे वेळेवर घरी जात होते, त्यामुळे कुणी बोललं नाही. मी मात्र छाती काढून फिरत होतो. चौतीस वर्षांच्या आयुष्यात विद्वानांना गप्प करण्याची सत्ता मला पहिल्यांदाच मिळाली होती.

चौथ्या दिवशी पुण्याचे एक अर्थतज्ज्ञ येणार होते. त्यांचा दोन दिवस आधीच फोन आला, घसा बसलाय. वकीलसाहेबांनी आठ ठिकाणी फोन लावले. आठही विद्वान त्या दिवशी नेमके लग्नाला चालले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तशी समितीची नजर तेव्हा सभागृहात खुर्च्या लावत असलेल्या तांबवेकर सरांवर पडली.

तांबवेकर सर आम्हाला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. व्याख्यानमालेत ते एकतीस वर्षं खुर्च्या लावत होते, बाहेरच्या फळ्यावर खडूने वक्त्याचं नाव लिहीत होते आणि नंतर सतरंज्या झटकत होते. आणि दरवर्षी जानेवारीत समितीला एक अर्ज देत होते. विषय, आपल्या परिसरातील गवते. अर्ज वाचला की बैठकीत हशा व्हायचा. गवतावरच्या व्याख्यानाला कोण येणार, गुरं? हा विनोद एकतीस वेळा झाला आणि एकतीस वेळा त्याला दाद मिळाली. मीही दिली होती, खोटं कशाला बोलू.

सरांना हो म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नाही. हातातली खुर्ची तशीच धरून ते म्हणाले, "बोलतो की."

दोन दिवस ते माझ्या दुकानात येऊन बसले. बरोबर शरयूकाकू, त्यांच्या पत्नी. गवतांचे फोटो सरांनी वर्षानुवर्षं डोंगरावर पालथं पडून काढलेले होते. त्यातले छत्तीस निवडून मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ओळीने लावले, नंतर समितीच्या कॉम्प्युटरवर चढवायला. सरांचं एकच म्हणणं होतं. प्रत्येक फोटोवर गवताचं नाव घाल, आणि मोठं घाल.

मी घातलं. ते म्हणाले, अजून मोठं. मी अजून मोठं केलं. आता गवत दिसेना, नुसतं नाव दिसायला लागलं. मी चेष्टेने म्हटलं, "सर, पाटी रंगवायची आहे का? तुम्हाला तर ही नावं तोंडपाठ आहेत."

"शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे," सर म्हणाले.

नावाखाली त्यांनी तीन-तीन ओळीही लिहून घेतल्या. कुठे उगवतं, कधी फुलतं, कशाला उपयोगी. म्हातारपणी माणूस हौशी होतो, अशी मी मनातल्या मनात समजूत घातली. दोन-तीनदा त्यांनी मला श्रीपती म्हणून हाक मारली. श्रीपती हा माझा मोठा भाऊ, तोही त्यांचाच विद्यार्थी. मास्तर लोकांची भावंडांत गल्लत होतेच, म्हणून मी ओ दिली.

काकू स्टुलावर बसून प्रत्येक फोटो बघायच्या, ओठ हलवायच्या. दुसऱ्या दिवशी सर रस्त्यावर उभे राहून उसाच्या गाडीकडे बघत होते, तेव्हा त्या मागे थांबल्या.

"दिगंबर, हे मध्येच बंद नाही ना पडणार?"

"काकू, त्याची दोरी माझ्या हातात आहे," मी म्हटलं. त्या वेळी हे वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं होतं.

"एकदा त्यांचं होऊन जाऊ दे," काकू म्हणाल्या. "या वर्षी होऊ दे. पुढच्या वर्षीचं मी काही धरून चालत नाही."

साठी-सत्तरीच्या बायका असं बोलतातच, असं मी समजलो. समजण्याच्या बाबतीत मी त्या आठवड्यात फारच तरबेज होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं. गुरं आली नाहीत, पण सरांचे तीस-चाळीस वर्षांतले विद्यार्थी आले. कुणी पेन्शनीत निघालेले, कुणी दुकानं लवकर बंद करून आलेले. एकशे वीसपर्यंत मी मोजले आणि सोडून दिलं. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा सर सवयीने आणायला निघाले. वकीलसाहेबांनी त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं आणि बसवलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, समोर तांब्या-भांडं. काकू बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. मी माझ्या कोपऱ्यात, रुमालाखाली रिमोट.

दिवे मालवले. पहिलं चित्र आलं, हराळी. सर म्हणाले, "ही हराळी. देवाला वाहता तेव्हा हिला दूर्वा म्हणता, आणि शेतात आली की हिचा उद्धार करता. आपल्या गावातल्या काही लोकांचंही असंच आहे."

सभागृह हसलं. वकीलसाहेबही हसले, अर्थात हे आपल्याला सोडून इतरांबद्दल आहे असं समजून. मग सर रंगले. कुसळ दाखवलं आणि सांगितलं, की तुमच्या पायमोज्यात घुसतं ते उगाच नाही. त्या काडीला पीळ असतो, पाणी लागलं की पीळ सुटतो आणि बी स्वतःला जमिनीत फिरकीसारखं खुपसून घेतं. बोरू दाखवला आणि त्याची लेखणी तासताना त्यांच्या वडिलांनी बोट कसं कापून घेतलं ते सांगितलं. लव्हाळा दाखवून म्हणाले, हा गवतांच्या फोटोत उभा राहिलाय, पण गवत नव्हे. लग्नातल्या फोटोतसुद्धा असा एखादा असतोच. दर वेळी "पुढे" म्हणायचे, मी बटण दाबायचो, ते वळून पडद्याकडे बघायचे आणि बोलायला लागायचे. मी शाळेत शेवटच्या बाकावर बसायचो, त्यामुळे सर इतकं चांगलं शिकवतात हे मला तेव्हाच कळलं.

सतरावं चित्र पवन्याचं होतं. डोंगरउतारावरचं गवत. सर म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात खाली काही उरलं नव्हतं, तेव्हा गावातल्या बायका झुंजूमुंजू असताना डोंगर चढायच्या. वरच्या कपारीत जे काही पवन्या राहिलं होतं ते कापून, भारा डोक्यावर घेऊन उतरायच्या. अनवाणी. त्या भाऱ्यांवर या गावातली जनावरं जगली आणि काही मुलं शिकली. "कोणाच्या आया होत्या त्या, नावं मी घेत नाही," ते म्हणाले, "पण या सभागृहात त्यांची मुलं बसली आहेत."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला.

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहिलं असतं तर अठ्ठावीस मिनिटं झालेली दिसली असती. ठरलेल्या तासाला अजून निम्म्याहून जास्त वेळ होता. पण घड्याळ बघायचं काम माझं नव्हतं. ते चष्मा पुसायला लागले आणि मी लाल बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मी वकीलसाहेब उठायची वाट बघत बसलो. ते उठेनात. उलट चष्म्याविना ते माझ्याकडे बघत होते आणि हाताने विचारत होते, हे काय केलंस? त्यांचे डोळे लाल होते. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, असं ते नंतर म्हणाले. काय गेलं होतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांची आई डोंगरावरून भारे आणून विकायची, हे मला चार वर्षांनी त्यांच्याच शोकसभेत कळलं.

मी घाईने पुन्हा लाल बटण दाबलं. कॉम्प्युटर इमानदारीत उठला. पण पडद्यावर गवत आलं नाही. निळा पडदा आला, त्यात एक पिवळं प्लास्टिकचं बदक, शेजारी समिती हे नाव, आणि खाली पासवर्ड टाकायची रिकामी चौकट. कुणीतरी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतं म्हणून आमच्या चिटणिसांनी मालिकेच्या पहिल्याच दिवशी त्याला कुलूप घातलं होतं. तीन दिवस आम्हाला त्याचा पत्ता लागला नाही, कारण रोज संध्याकाळी तो सुरू करून द्यायचे ते चिटणीसच, आणि आम्ही नुसता झोपवत होतो. उठवायची वेळ कधी आलीच नव्हती.

सर वळून पडद्याकडे बघत उभे होते. बराच वेळ बघितल्यावर ते माइकवर म्हणाले, "हे... हे गवत नाही."

मागच्या रांगा खदखदून हसल्या. सरांचा हा विनोद सगळ्यात जोरदार, असं त्यांना वाटलं. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली.

मी स्टेजवर चढलो आणि टेबलाआड उकिडवा बसून कीबोर्डशी झटायला लागलो. चिटणीस चहाचं बघायला बाहेर गेले होते. मी व्याख्यानमालेचं नाव टाकून पाहिलं, वकीलसाहेबांचं टाकलं, एक दोन तीन चार टाकलं. बदक तसंच. माझ्या डोक्याशी सरांचा हात होता आणि तो टेबलावर ठकठक करत होता. मला वाटलं, चिडलेत. मग ते माझ्याकडे वाकले, माइकपासून तोंड बाजूला घेऊन.

"श्रीपती, पुढचं कुठलं रे?"

मी वर न बघताच म्हटलं, "सर, मला काय माहीत? तुम्हालाच ठाऊक."

"मला नाही ठाऊक," सर म्हणाले.

मी वर बघितलं. शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या आणि काहीच न येणाऱ्या मुलाचा चेहरा मी ओळखतो, कारण तो बरीच वर्षं माझाच होता. तोच चेहरा सरांचा झाला होता. ती नावं एवढी मोठी कशासाठी हवी होती, ते मला तिथे उकिडवं बसल्या बसल्या कळलं. शेवटच्या रांगेसाठी नव्हती ती. एकतीस वर्षं ज्या संध्याकाळची वाट पाहिली ती आली, तेव्हा डोक्यातून एकेक गवत चाललं होतं, म्हणून त्या माणसाने ते या कॉम्प्युटरमध्ये आणून ठेवलं होतं. आणि मी तो झोपवला होता. लाज वाटली म्हणणं फार कमी होईल. त्या टेबलाआडून बाहेर येऊ नये असं वाटलं.

सभागृहात चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी खोकलं. वकीलसाहेब अर्धवट उठून पुन्हा बसले. एकोणीस वर्षांत त्यांना काय करावं ते सुचलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला.

"मारवेल."

शरयूकाकू उभ्या राहिल्या होत्या. हातात कागद नव्हता. वर्गात हजेरी घेतात तशा सरळ उभ्या होत्या आणि सरळ सरांकडे बघत होत्या.

सरांची मान वर झाली. "हां," ते म्हणाले. "मारवेल." त्यांचा हात टेबलावरून सुटला. "मारवेल म्हणजे गुरांची बासुंदी. कांडं चावून बघा, गोड लागतं. मी चावलेलं आहे. हिनेही चावलेलं आहे, लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं ते गवत खायला, असं माझ्या सासऱ्यांना वाटलं होतं." लोक हसले. सर बोलत राहिले, पोटऱ्यात कधी येतं, कापायचं कधी, बांधावर कसं टिकतं. मारवेल संपलं. ते थांबले.

"रोशा," काकू म्हणाल्या.

"रोशा. हा चुरगाळून नाकाशी धरा..."

मग वाळा झाला, दर्भ झाला, सावा झाला. कुंदा आल्यावर मागच्या शेतकऱ्यांनीच उसासा टाकला, तेव्हा सर म्हणाले, याच्या मुळ्या खणत गेलात तर शेजाऱ्याच्या शेतात निघाल आणि वकीलसाहेबांना एक खटला मिळेल. त्यांना फक्त नाव लागत होतं. नाव हाती आलं की त्याच्यामागून सगळा डोंगर यायचा. लोकांना वाटलं, नवरा-बायकोने हे असंच बसवलेलं आहे, आणि काही जण टाळ्या वाजवायला लागले.

सहाव्या-सातव्या गवताला चिटणीस चहा सांगून परत आले, वाकून माझ्यापाशी आले आणि कानात पासवर्ड सांगितला. त्यांच्या नातीचं नाव होतं. मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि काकूंकडे बघितलं. त्या पुढचं नाव घ्यायला श्वास घेत होत्या. मी बोटं काढून घेतली. उरलेली सगळी गवतं एका पिवळ्या बदकाच्या साक्षीने झाली.

सर एकूण एक तास वीस मिनिटं बोलले. घंटा वाजली नाही. वकीलसाहेबांनी चष्मा खिशात घालून ठेवला होता, तो त्यांनी पुन्हा काढला नाही. शेवटी लोक उभे राहिले आणि टाळ्या बराच वेळ चालल्या, इतक्या की ध्यानधारणेवाल्या गुरुजींनीही डोळे उघडले असते. आभार प्रदर्शनात कॉम्प्युटरचं नाव कुणी घेतलं नाही.

दिवे लागले. लोक चहाकडे वळले. आणि सर स्टेजवरून उतरून नेहमीप्रमाणे खुर्च्या गोळा करायला लागले. कुणी थांबवलं तरी ऐकेनात.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा काकू स्टेजच्या पायरीशी आल्या. त्यांचा आवाज बसला होता. मी म्हटलं, "काकू, एक सांगायचंय."

"रिमोट मी पाहिला," त्या म्हणाल्या. "दाबतानाही पाहिलं."

मला वाटलं, आता मुस्कटात बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चूक झाली, मी आत्ता जाऊन सरांना खरं काय ते सांगतो आणि पाय धरतो.

"सांगू नकोस."

"पण काकू..."

"दिगंबर, ऐक माझं. दोन वर्षं झाली. किल्ली कुठे ठेवली, जेवलो की नाही, दारात आलेला माणूस कोण. रोज काहीतरी जातं आणि रोज ते माझ्याकडे गुन्हेगारासारखे बघतात. आज स्टेजवरून उतरले ते हसत. मला म्हणाले, शरयू, आज मी नाही गं विसरलो. आज तो कॉम्प्युटर विसरला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तेवढं त्यांच्याकडे राहू दे."

मी मान हलवली. वायरी पुन्हा गुंडाळायला लागलो.

खुर्च्यांची रास लावून सर स्टेजवर आले. शर्टाला घामाचे ओघळ होते आणि चेहरा उजळला होता. कॉम्प्युटर मी टेबलावर काढून ठेवला होता. सरांनी त्याच्यावर तळहात ठेवला, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"याला रागावू नकोस हं," ते मला म्हणाले. "नाव अगदी ओठांवर असतं. नुसतं बाहेर येत नाही. आणि समोर माणसं हसत असतात. त्या वेळी त्याचं काय होत असेल, ते त्यालाच माहीत."

मी म्हटलं, "नाही रागावणार, सर."